चौदा हजारांचा रिफंड

जुलैचा शेवटचा आठवडा. आयकर रिटर्न भरून चारच दिवस झाले होते आणि मेल आला: १४,२८० रुपयांचा रिफंड मंजूर, फक्त बँक खात्याची खातरजमा बाकी. माझ्या हिशेबाने रिफंड अकरा हजारांच्या आसपास बसत होता. तीन हजार जास्त कसे, हे बघायचं सोडून मी खूश झालो.

लिंक उघडली. अशोकस्तंभ, निळी पट्टी, सगळं जागच्या जागी. पॅन, जन्मतारीख, मग पॅन आणि आधारचे फोटो, शेवटी डेबिट कार्ड. "पैसे द्यायला कार्ड कशाला लागतं त्यांना?" बायकोने विचारलंही. "तुला त्यातलं कळत नाही," म्हणालो. ओटीपी आला. त्याच मेसेजात '४९,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी' असं स्वच्छ लिहिलं होतं. मी फक्त सहा आकडे वाचले, टाकले आणि पैसे गेले.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, कार्ड बंद केलं. १२,००० रुपये वाटेत गोठवले गेले, बाकीचे गेले. बँकेतल्या साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रकच पुढे ठेवलं: ओटीपी तुम्हीच दिलात, तेव्हा कळवण्याआधीचं नुकसान तुमचं.

मेल पाठवणाऱ्याचं नाव आयकर खात्याचंच दिसत होतं. नावावर बोट ठेवल्यावर खरा पत्ता उघडला, तर शेवटी 'डॉट कॉम'. आयकर खात्याची वेबसाइट 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपते आणि रिफंड पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात आपोआप जमा होतो. कार्डाचा संबंधच नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

पैशांचं दुःख महिन्याभरात ओसरलं. ऑक्टोबरात मात्र वसुलीवाल्याचा फोन आला, "हप्ता थकलाय." मी कर्जच घेतलं नव्हतं! क्रेडिट रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो, मी जन्मात काढला नव्हता), तर एका ॲपचं १८,००० चं कर्ज माझ्या पॅनवर. 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर पाहिलं, तर माझ्या नावाने एक अनोळखी सिमकार्डही चालू. डेबिट कार्ड पाच मिनिटांत बंद करता आलं होतं. पॅन आणि आधारचे ते फोटो आता कोणाकोणाकडे आहेत, देव जाणे.

सिम 'माझा नंबर नाही' म्हणून कळवलंय, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय. कुणाला आधार द्यायचंच झालं तर शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार देतो. कर्जाची तक्रार क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या ब्युरोकडे अजून चालूच आहे. वसुलीवाले रोज सकाळी साडेनऊला फोन करतात. हल्ली तो बायको उचलते.