आठ महिने, एक एलपी आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ ही एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मी घेतली ती ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या एकाच गाण्यासाठी. पहिली प्रत वाकलेली आली, ती बदलून घ्यावी लागली. दुसरी आता आठ महिने जवळजवळ रोज वाजतेय.

घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ दुसऱ्या बाजूला अगदी शेवटाकडे, तबकडीच्या मध्याजवळ आहे. तिथे खाचेचा घेर लहान होतो, एका फेरीत सुईखालून कमी अंतर सरकतं, आणि वरचे सूर फाटतात. पहिले दोन महिने गाण्याच्या मधल्या, ऑपेरासारख्या भागातला ड्रमवादक रॉजर टेलरचा तो उंच ‘गॅलिलिओ’ नुसता चरचरत होता. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) पुन्हा सरळ बसवलं, सुईचा भार बेताचा केला, मग आवाज मोकळा झाला.

आणि मग कळलं की आपण काय ऐकतोय! एवढा मोठा गायकवृंद वाटतो, पण गाणारे तिघंच: मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि टेलर. 1975 च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं. टेपवर वेगवेगळे आवाज भरायला ट्रॅक, म्हणजे पट्ट्या, होते 24. ते भरले की गायलेलं एकत्र करून कमी ट्रॅकवर उतरवायचं, मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. नुसत्या ऑपेराला तीनेक आठवडे लागले. टेप इतकी फिरली की तिच्यावरचा चुंबकीय थर झिजून तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं.

5 मिनिटं 55 सेकंदांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, असं तेव्हा म्हणत होते. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. 1991 मध्ये फ्रेडी गेल्यावर पुन्हा पहिलं आलं.

मला मात्र अजूनही सगळ्यात जवळचा वाटतो तो सुरुवातीचा पियानो. तो फ्रेडीनेच वाजवलाय, डावा हात उजव्यावरून पलीकडे नेत. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकताना हाच मुलगा शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानोवर बसायचा. पाचगणीला कितीदा गेलोय, पण आता त्या रस्त्याने जाताना हे सूर डोक्यात चालू होतात.

गाण्याला ध्रुवपद नाही. पुन्हा पुन्हा परतणारी ठरलेली जागा नाही, म्हणून तर कान कंटाळत नाहीत. शेवटी टेलरचा गाँग घुमतो. तो पूर्ण विरेपर्यंत मी थांबतो आणि पुढचं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ सुरू व्हायच्या आत सुई उचलतो.