चिठ्ठीवर ‘पीएफटी’ लिहिलंय: साधी स्पायरोमेट्री, डीएलसीओ की घरचा पीक फ्लो मीटर?

नागपुरात धंतोली, रामदासपेठेत ‘पीएफटी’ची, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीची, चिठ्ठी घेऊन गेलं की काउंटरवर विचारतात, ‘साधी करायची की डीएलसीओसकट?’ साधी म्हणजे स्पायरोमेट्री, नळीत जोरात फुंकून हवा मोजणं; डीएलसीओ म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणं. हे तिथे उभ्या उभ्या ठरवू नका. डॉक्टरांना नेमकी कसली शंका आहे, ते आधी त्यांनाच विचारा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, थुंकी तपासलेली नसेल, तर आधी टीबीची तपासणी. जोरात फुंकताना जंतू खोलीभर पसरतात.

धाप, छातीत सुईंसुईं, रात्रीचा खोकला, म्हणजेच दमा किंवा सीओपीडीची (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची) शंका असेल तर साधी स्पायरोमेट्री पुरते. ती नीट झाली पाहिजे, एवढंच. ताठ बसायचं, नाकाला क्लिप, ओठ नळीभोवती घट्ट. छाती पूर्ण भरून घ्यायची आणि क्षणभरही न थांबता जोरात फुंकायचं, हवा संपेपर्यंत. कुणाला त्याला १५ सेकंदही लागतात. असे किमान तीन चांगले प्रयत्न हवेत आणि सर्वांत चांगल्या दोहोंत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी या.

सर्वांत घातक चूक म्हणजे लवकर थांबणं. एफव्हीसी, म्हणजे बाहेर टाकलेली एकूण हवा, खोटी कमी येते. मग पहिल्या सेकंदातल्या हवेचं, एफईव्ही-१चं, तिच्याशी गुणोत्तर वाढतं आणि अडथळा असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो. म्हणून टक्के वाचण्याआधी आलेख पाहा. रेघ शेवटी सपाट झालीय की मध्येच तुटलीय?

एक उदाहरण घ्या. पंपाआधी, म्हणजे श्वासातून ओढायच्या औषधाआधी, एफव्हीसी २.५० लिटर, एफईव्ही-१ १.५० लिटर: गुणोत्तर ०.६०. साल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार पफ स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून), मग १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंकल्यावर एफव्हीसी २.६५, एफईव्ही-१ १.७४. वाढ २४० मिली, १६ टक्के. जुन्या निकषात १२ टक्के आणि २०० मिली दोन्ही ओलांडले की ‘रिव्हर्सिबल’, म्हणजे औषधाने सुटणारा अडथळा. २०२२ चा निकष मात्र वाढ त्या माणसाच्या वय-उंचीनुसार अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त मागतो. अपेक्षित २.६० लिटर असेल तर ही वाढ ९.२ टक्केच. एकच रिपोर्ट, दोन निष्कर्ष; म्हणून या एका शब्दावर दमा ठरवू नये. पंपानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली, इथे ०.६६, हे सीओपीडीकडे बोट दाखवतं. चाचणीआधी साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास बंद ठेवावं लागतं, लांब टिकणारे पंप त्याहून जास्त. पण ते डॉक्टरांना विचारूनच.

नागपूरकरांनी मे महिन्यात एक गोष्ट जरूर पाहावी. स्पायरोमीटर खोलीच्या तापमानावरून हवेचं आकारमान दुरुस्त करतो आणि ४० अंशांच्या वर त्याचा भरवसा कमी होतो. मांडवातल्या शिबिरात ४४ अंशांत निघालेल्या आकड्यांवर औषध सुरू करू नका. एसी असलेल्या खोलीत, त्या दिवशी ३ लिटरच्या सिरिंजने मशीन तपासलंय का, ते विचारा.

डीएलसीओ केव्हा? एक्स-रे किंवा सीटीमध्ये फुफ्फुसात जाळीसारख्या रेषा दिसतात, उमरेड-सावनेरकडे कोळशाच्या खाणीत वर्षं काढलीत, चार पायऱ्या चढताच बोटातला ऑक्सिजन घसरतो, तेव्हा. यात कार्बन मोनॉक्साइडचा अगदी थोडा अंश (०.३ टक्के) असलेली हवा घेऊन १० सेकंद श्वास रोखायचा. फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो, ते यात कळतं. आदल्या आठवड्यातलं हिमोग्लोबिन सोबत न्या. रक्त कमी असेल तर आकडा खोटा खाली येतो. त्या दिवशी बिडी-सिगारेट अजिबात नको. आणि साध्या चाचणीत फक्त एफव्हीसी कमी आली म्हणून ‘फुफ्फुस आकसलंय’ असं कुणी म्हटलं, तर फुफ्फुसांचं एकूण आकारमान मोजल्याशिवाय ते खरं धरू नका.

पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा सर्वांत जास्त वेग मोजणारं घरचं छोटं यंत्र, निदानासाठी एकटा पुरत नाही, पण दम्यात चढउतार पकडायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंका, सर्वांत मोठा आकडा लिहा. सकाळी ३००, संध्याकाळी ३८०: फरक ८०, सरासरी ३४०, म्हणजे २३.५ टक्के. दोन आठवड्यांची अशी सरासरी १० टक्क्यांवर गेली तर मोठ्या माणसात दम्याची शंका बळावते. मीटर मात्र प्रत्येक वेळी तोच वापरा.