‘मोपा’ सांगून साधं लेझर मशीन गळ्यात मारलं

भोसरीत आमचा छोटा गाळा आहे. पार्टवर नाव, बॅच नंबर, डेटा मॅट्रिक्स कोड टाकून द्यायचं जॉबवर्क करतो. मागच्या वर्षी लेझर मार्किंगचं मशीन घेतलं आणि त्यात पुरता फसलो. आमच्याच लाइनमधल्या आणखी दोघांकडे तोच मशीनवाला येऊन गेल्याचं कळलं, म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडे दोन कामं होती: ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर काळी अक्षरं आणि पांढऱ्या एबीएस प्लास्टिकच्या बटणांवर खुणा. काळ्या अक्षरांसाठी मोपा प्रकारचा सोर्स, म्हणजे लेझर तयार करणारा भाग, लागतो. त्यात पल्सची, म्हणजे लेझरच्या एकेका झटक्याची, लांबी कमी-जास्त करता येते. काही नॅनोसेकंदांचे आखूड पल्स जास्त फ्रिक्वेन्सीने मारले की वरचा थर न उडता अक्षर काळं होतं. साध्या क्यू-स्विच्ड मशीनमध्ये ही लांबी ठरलेली असते, साधारण 100 नॅनोसेकंदांच्या आसपास, आणि अक्षर पांढरट-करडं येतं. तेव्हा मला एवढं कळत नव्हतं. ‘मोपाच घे’ असं ऐकलं होतं, तेवढंच.

मशीनवाल्याच्या टेबलावर काळ्याकुळकुळीत अक्षरांची पट्टी होती. नखाने खरवडली, अक्षर जागचं हललं नाही. मशीन चालवून दाखवलं ते मात्र स्टीलवर. “दादा, ही पट्टी याच मशीनची. प्लास्टिकचं तर विचारूच नका, सगळं होतं.” माझी बटणं खिशातच होती. ती मारून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, “लेन्स वेगळी लागते, इन्स्टॉलेशनला बसवून देतो.” साध्या मशीनपेक्षा दीड लाख जास्त मोजले, तेही माल निघायच्या आधी.

गाळ्यात पहिलीच पट्टी करडी निघाली. बटणावर पिवळट-तपकिरी डाग, कडा फुगलेल्या. लेन्स बसवायला कोणी आलं नाही, आणि लेन्स बदलून ते जमणारही नव्हतं. माझं मशीन फायबर लेझरचं, त्याची वेव्हलेंग्थ (प्रकाशलहरीची लांबी) 1064 नॅनोमीटर. अशा पांढऱ्या प्लास्टिकवर स्वच्छ खूण हवी तर सहसा 355 नॅनोमीटरचा यूव्ही लेझर घ्यावा लागतो. ‘सगळं प्लास्टिक होतं’ म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहा. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो ऑपरेटरच्या घशात जातो आणि मशीनही गंजवतो.

पल्स विड्थचा, म्हणजे पल्सच्या लांबीचा, आकडा कितीही बदलला तरी अक्षरात फरक पडेना, तेव्हा ओळखीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडलं. सोर्सवर मोपाचं स्टिकर होतं, पण एक कोपरा उचललेला. ओढलं तर खाली दुसराच मॉडेल नंबर, क्यू-स्विच्डचा. पोटात खड्डा पडला.

बिल काढून बघितलं. त्यावर नुसतं ‘फायबर लेझर मार्किंग मशीन’. मोपा हा शब्द सगळा तोंडी. वकिलांनी सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच बसते. माझ्याकडे तीन कामगार, त्यामुळे ती वाट अवघड.

तुम्ही मशीन बघायला जाल तेव्हा आपलेच पार्ट न्या आणि डोळ्यांदेखत मारून घ्या. सोर्सचा मॉडेल नंबर, वेव्हलेंग्थ, पल्सची रेंज कोटेशनवर आणि बिलावर लिहून घ्या. सिरियल नंबर सोर्स बनवणाऱ्या कंपनीकडून पडताळा. निदान निम्मी रक्कम आपल्या गाळ्यात आपला पार्ट पास होईपर्यंत सोडू नका. काळी आणि करडी, दोन्ही पट्ट्या मी जपून ठेवल्यात. ज्याला मशीन घ्यायचंय त्याने आधी गाळ्यावर येऊन शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात.