ग्रामपंचायत राहावं की नगर पंचायत व्हावं? नागपूरच्या वेशीवरच्या गावांसाठी

गेल्या महिन्यात उमरेड रोडकडच्या एका गावातले तिघे जण घरी आले होते. एक माजी उपसरपंच, एक किराणा दुकानदार आणि एक नुकतीच निवडून आलेली सदस्य ताई. पिशवीत ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा होता, जागा मोकळी सोडलेला: "ही ग्रामसभा नगर पंचायतीच्या प्रस्तावाला ____ दर्शवते." ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमचं गाव यातून गेलं आहे. इथं काय लिहू, सहमती की विरोध?"

मी दहा वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. आमच्याकडे प्रारूप अधिसूचना (हरकतींसाठी काढलेला सरकारी मसुदा) निघाली तेव्हा हीच रिकामी जागा माझ्यासमोर होती, आणि आता आमचं गाव नगर पंचायत आहे. म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यालो आहे. त्या तिघांना जे तीन तास बसून सांगितलं, तेच इथे लिहितो. मी वकील नाही, अधिकारी नाही. दुसऱ्या गावाचा अनुभव वेगळा असू शकतो.

नगर पंचायत म्हणजे शहर होऊ लागलेल्या गावाची छोटी नगरपालिका. तिचे 17 प्रभाग, मुख्याधिकारी, थेट निवडून येणारा अध्यक्ष हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. 10 ते 25 हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेरचा रोजगार किमान 25 टक्के, ही अटही ऐकली असेल. नागपूर महापालिकेत जाणं हा तिसरा रस्ता आहे, हुडकेश्वर आणि नरसाळा 2013 मध्ये गेले तसा. पण तो गावाने मागून मिळत नाही, म्हणून इथे त्यावर बोलत नाही.

आधी ज्या गोष्टींची उगाच भीती असते त्या. सातबारा तोच राहतो, पीएम किसानचे पैसे थांबत नाहीत, शेती शेतीच राहते. जिल्हा परिषदेची शाळाही अधिसूचनेच्या दुसऱ्या दिवशी बंद होत नाही. जन्म-मृत्यूचा दाखला आधी ग्रामसेवकाकडे मिळायचा (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), नंतर नगर पंचायतीच्या खिडकीवर मिळतो.

टॅक्स वाढतो. ग्रामपंचायतीत आमच्या नमुना आठवर घराची नोंद कित्येक वर्षं तशीच होती, वरचा मजला चढला तरी. नगर पंचायतीत रीतसर मोजणी होते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी. माझ्या घराचा टॅक्स दुपटीहून थोडा जास्त झाला. एकदम नाही, पण झाला. ज्यांची घरं खरंच लहान आहेत त्यांचा फार वाढला नाही. ज्यांनी रस्त्याकडेला गाळे काढून भाड्याने दिले होते त्यांना खरा चटका बसला. मला ही वाढ टोचली, पण निर्णय बदलावा इतकी नाही.

गरिबाच्या घराकडे मात्र नीट बघा. गाव नागरी झालं की रोजगार हमीचं जॉबकार्ड उपयोगाचं राहत नाही. त्याच योजनेतून मिळणारी सिंचन विहीर आणि गोठाही जातो. आमच्याकडे शेतमजुरी करणारी घरं थोडी होती, पण होती, आणि त्यांना याची भरपाई कुठूनच मिळाली नाही. घरकुलाचं उलटं आहे. ग्रामीण घरकुलाचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, शहरी घरकुलाला केंद्र आणि राज्य मिळून 2 लाख 50 हजार. पण शहरी योजनेत जागेचे कागद आणि नकाशा मंजुरी काटेकोर लागते. गावठाणात बापजाद्यांच्या जागेवर राहणाऱ्याला तिथेच अडकायला होतं. रक्कम मोठी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, आधी तुमच्या वस्तीत किती जणांकडे कागद आहेत ते मोजा.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला 1 ते 2 पर्यंतचा गुणक लागतो, शहरी जमिनीला 1 च. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम दोन्हीकडे आहे. म्हणजे गाव शहरी हद्दीत गेल्यावर रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदला बराच कमी होऊ शकतो. नागपूरभोवती रस्त्यांची आखणी सतत चालू असते. तुमच्या शिवारातून एखादी रेघ जात असेल तर ठरावाच्या आधी तलाठ्याकडे जाऊन नकाशा बघा. आमच्या शिवारात तशी रेघ नव्हती, म्हणून हा मुद्दा आमच्यासाठी हलका ठरला.

आता ग्रामसभा. ही गेल्याचं दुःख मला आजही आहे, आणि ते लपवून तुम्हाला नगर पंचायत सुचवणं बरोबर होणार नाही.

आमची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरायची, लिंबाच्या झाडाखाली. वर्षातून किमान चार. गणपूर्तीला 100 माणसं किंवा मतदारांच्या 15 टक्के, यातला जो आकडा कमी असेल तो. पुष्कळदा गणपूर्ती व्हायची नाही, सभा तहकूब करून परत घ्यावी लागायची, हे खरं. पण एका 15 ऑगस्टला माता मंदिराजवळ राहणाऱ्या एक आजी उठल्या आणि सरळ म्हणाल्या, "मागच्या साली मोटर तीनदा बांधली, तीनदाचं बिल वाचून दाखवा." सरपंच, सचिव, आम्ही सगळे सदस्य समोर बसलेले. सचिवांना रजिस्टर उघडून मोठ्याने वाचावं लागलं. दोनदाचंच बिल निघालं, तिसऱ्यांदा मिस्त्रीने फुकट करून दिलं होतं. आजी म्हणाल्या, "मग ठीक आहे," आणि बसल्या. कुठे अर्ज केला नाही, माहितीचा अधिकार लावला नाही, शुल्क भरलं नाही.

नगर पंचायतीत हे नाही. तिथे सभा नगरसेवकांची. तुमचा प्रश्न तुमच्या प्रभागाच्या एका नगरसेवकामार्फत जातो किंवा लेखी अर्जाने जातो. एका प्रभागाला एकच नगरसेवक असल्यामुळे कोणाला धरायचं ते पक्कं असतं. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात आम्ही तिघे होतो आणि कधी कधी खरंच एकमेकांकडे बोट दाखवायचो. पण लिंबाखाली उभं राहून विचारण्याची बरोबरी अर्जाने होत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदानही जातं, त्या सदस्याकडे हक्काने जाणं संपतं.

आणि मधला काळ. अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते आणि निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसतो. कागदावर हा काळ छोटा दिसतो. पण ओबीसी आरक्षणाच्या वादात राज्यातल्या स्थानिक निवडणुका 2022 पासून अडकल्या, सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिला तेव्हा हालचाल झाली, आणि नगर पंचायतींचं मतदान 2 डिसेंबर 2025 पासून सुरू झालं. मधल्या काळात नगर पंचायत झालेल्या गावांनी वर्षानुवर्षं निवडून आलेल्या माणसाशिवाय काढली. आम्हीही त्यातलेच. त्या दिवसांत दिवाबत्ती बंद पडली तर तक्रार कोणाकडे करायची तेच लोकांना कळत नव्हतं. लोक माझ्याकडे यायचे, आणि मला सांगावं लागायचं की मी आता कोणी नाही.

एवढं सगळं ऐकून तो दुकानदार म्हणाला, "भाऊ, मग तुम्ही सहमती का लिहिली?"

नालीमुळे.

आमच्या गावाच्या दक्षिणेला 2005 नंतर लेआऊट पडत गेले. प्रत्येक लेआऊट वेगळ्या माणसाचा, प्रत्येकाची नाली आपल्याच शेवटच्या प्लॉटपाशी संपणारी. पुढे दुसऱ्याचा लेआऊट, त्याची नाली वेगळ्या उंचीवर. ग्रामपंचायत म्हणून आम्ही ही नाली जोडायला निघालो. पण एकदम पूर्ण लांबीचा पैसा कधीच मिळाला नाही. एका वर्षी पंचवीस-पंधराचा (ग्रामविकासाच्या 2515 या शीर्षाचा) निधी आला, त्यात शंभर-सव्वाशे मीटर झालं. दुसऱ्या वर्षी आमदार निधीतून थोडं. मग जिल्हा परिषद सदस्याकडून थोडं, वित्त आयोगातून थोडं, वस्ती सुधारणेतून थोडं. सव्वा किलोमीटरच्या नालीचे नऊ तुकडे, नऊ अंदाजपत्रकं, नऊ ठेकेदार. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर. अभियंता यायचा, त्याच्याकडे तालुक्यातली कितीतरी गावं. तो आपला तुकडा मोजायचा, सही करायचा, जायचा. मागचा आणि पुढचा तुकडा त्याच्या अंदाजपत्रकात नसायचा.

एका जुलैत चौथ्या आणि पाचव्या तुकड्याच्या जोडावर पाणी उलटं फिरलं. मी गावातल्या मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याच्याकडे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी होती, लेव्हल बघायची. एक टोक त्याने चौथ्या तुकड्याच्या तळाशी धरलं, दुसरं मी पाचव्याच्या तळाशी. नळीतलं पाणी स्थिर झालं आणि त्याने बोटांनी अंतर दाखवलं: पुढचा तुकडा मागच्यापेक्षा पूर्ण एक वीत वर. त्याने नळी गुंडाळली आणि म्हणाला, "दादा, पाणी निधी पाहून वाहत नाही." आम्ही उभे होतो त्या रिकाम्या प्लॉटवर घोट्यापर्यंत काळं-हिरवं पाणी साचलं होतं, पलीकडच्या घराची बोअर तिथून वीस पावलांवर होती. त्या घरातले लोक दोन वर्षांपासून प्यायचं पाणी विकत आणत होते.

त्या वेळी ग्रामपंचायतीत आम्ही सगळे मन लावून काम करत होतो. माणसं वाईट नव्हती. पण वरून येणारा पैसाच तुकड्यात येत होता, आणि तुकडे जोडणारं तांत्रिक माणूस गावाचं स्वतःचं नव्हतं. शासनाच्या हिशेबात ग्रामीण माणसाला जलजीवन योजनेत दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं, भुयारी गटार असलेल्या शहरी माणसाला 135 लिटर. आमच्या लेआऊटमधला माणूस वापरत होता शहरासारखं, आणि ते सांडपाणी वाहून नेण्याची सोय होती खेड्याची. हे गणित ग्रामपंचायतीत सुटणार नाही, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि आजही वाटतं.

नगर पंचायत झाल्यावर काय झालं ते जसं आहे तसं सांगतो. प्रशासकाच्या काळात जमिनीवर जवळपास काहीच झालं नाही. पण एक काम झालं: सगळ्या दक्षिण भागाचं मिळून एकच सर्वेक्षण, पहिल्या घरापासून नाल्यापर्यंत एकच उतार काढलेला नकाशा. नगरोत्थानसारख्या, शहरांच्या कामांना राज्याचा पैसा देणाऱ्या योजनेत प्रस्ताव संपूर्ण लांबीचा जातो. स्वतःचा वाटा भरावा लागतो, म्हणून टॅक्सची वसुली नीट असावी लागते. आज अर्ध्याहून थोडी जास्त नाली एका उतारात झाली आहे. चौथा-पाचवा जोड फोडून पुन्हा बांधला. मागच्या पावसात त्या प्लॉटवर पाणी साचलं नाही, मी स्वतः तीन वेळा जाऊन पाहिलं. उरलेली कधी होईल ते मला सांगता येत नाही.

म्हणून त्या तिघांना मी म्हटलं, तुमच्याकडे शेती आणि गावठाणच मोठं असेल, लेआऊट दोन-चारच असतील, तर घाई करू नका. ग्रामसभा आणि रोजगार हमी ही लहान गोष्ट नाही. पण ताई म्हणाल्या की त्यांच्याकडे आता गावठाणापेक्षा लेआऊटमध्ये घरं जास्त आहेत. तसं असेल तर माझा कल सहमतीकडे आहे. लेआऊट थांबणार नाहीत, आणि दरवर्षी एक तुकडा जोडत बसाल तर दहा वर्षांनी तुमच्याकडेही नऊ तुकडे असतील.

सहमती लिहायची तर नुसती लिहू नका. ठरावाला वजन असतं, पण शेवटचा निर्णय राज्य सरकारचा असतो. प्रारूप निघाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी किमान 30 दिवस मिळतात, ते वाया घालवू नका. चालू कामांची बिलं ग्रामपंचायत असतानाच काढून घ्या. नळ सोडणारा, झाडू मारणारा, टॅक्स वसूल करणारा, यांच्या नेमणुकीचे ठराव आणि हजेरीपट जपून ठेवा. आकृतिबंधात (नगर पंचायतीच्या मंजूर पदांत) सामावून घेताना शिक्षण आणि कागद दोन्ही बघतात. आमचा नळ सोडणारा बावीस वर्षं पहाटे चारला उठत होता, आणि त्याच्या पहिल्या बारा वर्षांचा एकही कागद दप्तरात सापडला नाही. बांधकाम परवानगी आपोआप गावात येईल असंही समजू नका. महानगर क्षेत्रातल्या गावांमध्ये नियोजनाचे अधिकार महानगर प्राधिकरणाकडे आहेत, तुमच्या हद्दीचं पुढे काय होणार ते लेखी विचारा.

जनगणनेसाठी गावांच्या सीमा 31 डिसेंबर 2025 नंतर गोठवल्या आहेत, तोवर हद्द बदलत नाही, म्हणजे विचाराला वेळ आहे. त्या वेळात एक करा. गावातल्या मिस्त्रीला घ्या, पाण्याची नळी घ्या, आणि पाऊस लागायच्या आधी तुमच्या नालीचा प्रत्येक जोड मोजा. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. रविवारी त्यांचा फोन आला होता: चार जोड मोजून झाले, दोन उलटे निघाले, तीन बाकी आहेत.