फणस तोडायच्या परवानगीचे पैसे घेतले आणि ऐनाचं झाड पण नेलं

गुहागरकडे आमचं जुनं कौलारू घर आहे, मागच्या परड्यातला फणस पार छपरावर आलेला. दर पावसाळ्यात एकदोन कौलं फुटायचीच. गणपतीआधी काढून टाकू म्हणून गावातल्याच एकाच्या ओळखीने लाकूडवाला बोलावला. बघायला आला आणि बघता बघता म्हणाला भाऊ परवानगीचं टेन्शन घेऊ नका, फॉरेस्टचं सगळं आम्ही बघतो, फक्त 12,000 खर्चाचे द्या, लाकडाचे 18,000 मी तुम्हाला देतो. मी मुंबईत, रजा दोनच दिवस, दिले जीपेवर.

चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर एका कागदाचा फोटो आला, शिक्का वगैरे सगळं. मी खूश, नीट वाचला पण नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा फोन, अरे फणस तोडला ते ठीक, पण बांधावरचा ऐन कशाला दिलास?? मी कुठे दिला! रात्री दहाला कटर लावून ऐन पण पाडला आणि टेम्पो भरून गेला. नाक्यावर वाहतूक पास नाही म्हणून टेम्पो अडकला आणि पंचनाम्यात मालक म्हणून नाव माझं. लाकूडवाल्याचा फोन तेव्हापासून स्विच ऑफ, 18,000 तर सोडाच.

मग फॉरेस्टच्या ऑफिसात हेलपाटे घालताना कळलं. स्वतःच्या जागेतलं असलं तरी फणस, आंबा, ऐन, किंजळ, साग, खैर, जांभूळ, चिंच ही सगळी 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, तोडायच्या आधी लेखी परवानगी लागते (माड त्या यादीत नाही, बहुतेक त्यामुळेच लोकांना वाटतं घरचं झाड म्हणजे काहीही चालतं). नगरपंचायत किंवा नगरपरिषदेची हद्द असेल तर 1975 चा वेगळा कायदा. अर्ज मालकानेच सातबारा जोडून करायचा आणि सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्यांची संमती हवी. आमच्या सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत. त्यातला चुलत दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाही, त्याचं म्हणणं ऐन मी विकला आणि पैसे खाल्ले.

तर कोणी परवानगीचं आम्ही बघतो म्हणाला की अर्जाची पोचपावती माग, तुझ्या नावाची, आणि तोडायला स्वतः उभा राहा. मूळ कागद हातात घेऊन गट नंबर सातबाऱ्याशी जुळवून बघ. माझ्या फोटोत तो पेनाने खोडून वर दुसरा लिहिलाय, झूम न करता पण दिसतं.