मेकॅनिकचा बिनसाखरेचा चहा आणि माझे ५,०४,२५० रुपये

ज्याला ज्याला हे सांगितलं त्याचा पहिला प्रश्न एकच: "अरे, पण दाखवून नाही का घेतलीस?" दाखवून घेतली. मेकॅनिकला ८०० रुपये मोजून, दीड तास उन्हात उभं राहून दाखवून घेतली. आणि तरीही पुरात बुडालेली गाडी ४,३५,००० रुपयांना दारात आणून उभी केली.

मार्च २०२४. पुण्यात हायवेलगतचं जुन्या गाड्यांचं एक यार्ड. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंड ओनर, मीटरवर ४१,३०० किलोमीटर, एमएच ०८ पासिंग. आता शहाणे म्हणतील, रत्नागिरीचं पासिंग आणि २०२१ चा चिपळूणचा पूर, एवढं जुळवता आलं नाही? नाही आलं. २२ जुलैच्या त्या पुरात बुडालेल्या एसट्या टीव्हीवर मीही पाहिल्या होत्या. पण एमएच ०८ ची प्रत्येक गाडी पाण्यातली असं धरून चाललो, तर सगळ्या जिल्ह्याने गाड्या भंगारातच घालायच्या का? संशय यायला हवा होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. आरसीवर दुसऱ्या मालकाचं नाव जानेवारी २०२४ ला चढलेलं, आणि मार्चमध्ये गाडी विकायला. दोन महिन्यांत कोण गाडी विकतो? विचारलं, तर "साहेब परदेशात गेले." बरं.

आमचे नेहमीचे गॅरेजवाले काका १,५०० रुपयांत यायला तयार होते, पण त्यांना रविवार संध्याकाळशिवाय वेळ नव्हता. मी शनिवारी ११,००० टोकन देऊन बसलेलो. यार्डवाला म्हणाला, "चार वाजता नाशिकची पार्टी येतेय. तुम्हाला खात्रीच हवी ना? मग आमच्यावर विश्वास ठेवूच नका. समोर रस्त्यापलीकडे गॅरेज आहे, त्याचा आमचा काही संबंध नाही, त्याला बोलवा. पैसे तुम्हीच द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूने बोलेल." हे ऐकून मला तो माणूस प्रामाणिक वाटला. अजूनही रात्री आठवलं की कानशिलं तापतात.

तो आला. यार्डवाल्याशी अनोळखी माणसासारखा बोलला, "गाडी कोणती, शेठ?" वगैरे. बॉनेट उघडलं, डिपस्टिक पाहिली, गाडीखाली वाकला, स्कॅनर लावून मला स्क्रीन दाखवली: एकही फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, नाही. मी कौतुकाने त्या स्क्रीनचा फोटोसुद्धा काढला. तेवढ्यात पोऱ्या चहा घेऊन आला. मला, बायकोला, यार्डवाल्याला ट्रेमधले कप. मेकॅनिकसाठी वेगळा काचेचा ग्लास. त्याने एक घोट घेतला, मी सहज विचारलं, "तुमचा वेगळा?" तर म्हणाला, "मला शुगर आहे, बिनसाखरेचा लागतो."

रस्त्यापलीकडून पहिल्यांदा आलेल्या माणसाला शुगर आहे हे चहावाल्या पोराला कोणी सांगितलं? न सांगता, न विचारता ग्लास आला होता. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, मी त्यावर बोललोसुद्धा, आणि पुढच्या वीस मिनिटांत सह्या केल्या. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर होतं, रिक्षावाल्यांना कंटाळलो होतो, गाडी चालवून पाहिली तर मऊ चालत होती. इंजिन आधीच गरम होतं, तेही लक्षात आलं नाही. गाडी बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, गार इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा.

जूनच्या पहिल्या पावसात मागची काच आपोआप खाली आली. मग हॉर्न बंद, मग ब्लोअर, मग भर रस्त्यात पेट्रोल पंप. ब्लोअर ६,२००, पंप ९,१५०, वायरिंग आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल ३८,४००. काकांनी पुढची सीट सोडवून कार्पेट उचललं, तर खालच्या नमद्यात वाळून भेगा पडलेला तांबूस गाळ. सीटच्या रुळांना गंज, कनेक्टरच्या पिना हिरव्या. मग त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही, त्यावर चार बोटं रुंद मातकट डाग. त्या मेकॅनिकने बेल्ट ओढला नव्हता, स्टेपनीही उचलली नव्हती. काका फक्त "हं" म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि तो स्कॅनरचा फोटो! काकांनी मोठा करून दाखवला. खाली बारीक अक्षरात, कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर: ३ किलोमीटर. त्याच दिवशी पुसले होते. पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्याच फोनमध्ये. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता, आणि न लागणारा दिवा मला चांगलं लक्षण वाटला होता. एअरबॅगचं मॉड्यूल २७,९००. ते अजून केलेलं नाही.

चासी नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला गेलो. ओळखीने कळलं: ऑगस्ट २०२१ चं जॉब कार्ड, पाण्यात बुडालेली, टोटल लॉस, म्हणजे विम्याच्या हिशेबात दुरुस्तीपलीकडची. अशा गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात, हे आपल्याला ठाऊक असतं. मग तिची आरसी चालू कशी? आरटीओत विचारलं. "कागद बरोबर आहेत ना? आम्ही कागद बघतो." कायम निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने १४ दिवसांत आरटीओला द्यायची, असं मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमात आहे, असं मी सांगितलं. खिडकीतले साहेब म्हणाले, "मग मालकाने नसेल दिली." विमा कार्यालयात गेलो: "तुम्ही आमचे पॉलिसीधारक नाही, माहिती देता येणार नाही." चौकीत तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्यांदा "लेखी आणा", तिसऱ्यांदा लेखी वाचून "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा." ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मिळाला. तो नंबर अजून माझ्याकडे आहे, एवढंच.

जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. या यार्डाकडे ते होतं का, हे विचारायला मी तिसऱ्यांदा आरटीओत गेलो. "माहिती अधिकारात अर्ज टाका." भिंतीवर लावायचा कागद, त्यासाठी माहितीचा अधिकार! तुम्ही मात्र टोकन देण्याआधी ते प्रमाणपत्र मागा.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, म्हणून तिथे तक्रार केली. यार्डाच्या वकिलाने एकच कागद पुढे केला, माझ्याच सहीचा: "मी माझ्या पसंतीच्या स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी तपासून, आहे त्या स्थितीत घेतली आहे." ते ८०० रुपये मी त्यांच्या बचावासाठी भरले होते. वर पावती फक्त ३,००,००० ची. उरलेले १,३५,००० यार्डवाल्याने रोख मागितले आणि मी दिले. हे इथे लिहायलाही लाज वाटते. रोख देऊ नका. मेकॅनिक यार्डापासून दहा किलोमीटर लांबचा आणा, आणि तो कोण हे यार्डवाल्याला आधी कळू देऊ नका. सर्व्हिस हिस्टरी चासी नंबरवरून स्वतः काढा, व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ नको.

ट्रान्सफर-विम्याचे १४,७०० धरून आजवर ५,०४,२५० रुपये गेले. मागच्या आठवड्यात एक दलाल गाडी बघून गेला. १,४०,००० देतो म्हणाला, रोख. "फक्त पाण्यातली आहे असं कोणाला बोलू नका." त्याला परत पाठवला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.