ठणकणारी दाढ: काढायची की रूट कॅनाल करायचं?

मी दोन्ही करून बसले आहे. डावीकडची खालची दाढ पंचविशीत काढली. उजवीकडची तशीच दाढ दहा वर्षांनी रूट कॅनाल करून, म्हणजे आतली नस काढून मुळांतल्या नळ्या (कॅनाल) साफ करून भरून, वाचवली. रात्री दोन वाजता गाल धरून बसलं की एकच वाटतं, काढून टाका एकदाची. म्हणून तो निर्णय त्या रात्री घेऊ नका.

आधी कळ कशी येते ते बघा. गार पाणी लागलं, झिणझिणलं आणि दोन-चार सेकंदांत थांबलं, तर कीड बहुधा दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नसते. साफ करून सिमेंट भरलं की भागतं. पण कळ रेंगाळत असेल, गरम चहानेही उठत असेल, आडवं झालं की वाढत असेल, तर नस सुजली आहे आणि नुसतं सिमेंट पुरणार नाही. सगळ्यात फसवी दाढ म्हणजे आठ दिवस ठणकून आपोआप गप्प झालेली. ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडे सरकत असतात. मी इथेच फसले. गणपतीचे दहा दिवस मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढले, ठणका थांबला म्हणून दिवाळीपर्यंत डॉक्टरकडे गेले नाही. तोवर दाढेत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दाढ काढणं सोपं वाटतं आणि त्या दिवसापुरतं असतंही. भूल देतात, साधी दाढ एका बैठकीत निघते, खर्च कमी. पहिला दिवस जोरात चूळ भरायची नाही, तंबाखू-सिगारेट तर नाहीच. जखमेतली रक्ताची गाठ निघाली तर दोन-तीन दिवसांनी आधीपेक्षा वाईट ठणकतं. खरा त्रास पुढच्या काही वर्षांत दिसतो. माझी मागची दाढ मोकळ्या जागेत कलली, वरची खाली उतरू लागली, फटीत पोळीचा घास अडकायला लागला आणि कललेल्या दाढेलाही कीड लागली. जागा भरायची तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या खोट्या दातासाठी, ते चांगले दात घासून लहान करावे लागतात. इम्प्लांट म्हणजे जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडात पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, आणि खर्च सहसा रूट कॅनाल आणि कॅप (दाढेवर बसवायचं टोपण) मिळून होतो त्याहून जास्त येतो.

रूट कॅनालची भीती मात्र मला ऐकीव गोष्टींनी घातली होती. खालच्या मोठ्या दाढेत बहुधा तीन कॅनाल असतात, कधी चार. ते साफ करून भरायला एक ते तीन बैठका लागतात. खूप सुजलेल्या दाढेत भूल चढायला वेळ लागू शकतो, तेव्हा दुखलं तर लगेच हात वर करा. आणखी भूल देता येते. नंतर काही दिवस चावताना दुखतं, एवढंच. पण कॅप टाळू नका. पोखरलेली दाढ चावताना तडकते आणि तडा मुळात गेला की ती काढावीच लागते. खर्च विचाराल तो कॅपसकट विचारा. कॅपचं "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्यांची दाढ हकनाक जाते, म्हणून हे कळकळीने सांगते.

तरीही काही वेळा काढणंच बरोबर. कीड हिरडीच्या खाली खोल गेली असेल, मूळ उभं चिरलं असेल, दाढ फार हलत असेल किंवा ती त्रास देणारी अक्कलदाढ असेल, तर तिच्यावर पैसे घालू नका. एक्स-रे समोर धरून डॉक्टरांना विचारा: कॅप धरायला निरोगी दात किती उरलाय? माझ्या दोन्ही दाढांचा निकाल याच एका प्रश्नावर लागला. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अँटिबायोटिकने सूज उतरेल, पण कीड तिथेच राहते.

एका गोष्टीत मात्र तुलना करत बसू नका. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर सकाळची वाट न पाहता पुण्यातल्या ससून हॉस्पिटलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा.

पैशांमुळेच काढायचं ठरवत असाल, तर आधी डेंटल कॉलेज बघा. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील. विद्यार्थी काम करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. बदल्यात वेळ द्यावा लागतो: केसपेपर, एक्स-रे, रांग, पुन्हा पुढची तारीख. पेठेतल्या दवाखान्यात संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जाता येतं, तसं इथे नाही. अर्ध्या दिवसाच्या तीन-चार रजा निघत असतील, तर मी कॉलेजच निवडेन.